फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स : रेल्वेचा इंजिनिअर आणि पोलीस तपासकथा



रहस्यकथा कोणाला आवडत नाही? पुस्तक उघडलं की पहिल्या दहा पानांत खून होतो. मग पाच-सहा संशयित येतात. एक तल्लख डिटेक्टिव्ह येतो, सिगारेटच्या राखेकडे बघतो, डोळे मिटतो आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून खुनी कोण ते सांगतो. आपण तोंडात बोटं घालतो.

पण मला सांगा, खऱ्या पोलिसांचं काम असं चालतं का? खरा तपास म्हणजे दारोदार जाऊन तोच प्रश्न वीस जणांना विचारणं. रजिस्टरं चाळणं. गाडी किती वाजता सुटली, कुठे थांबली, तिकीट कोणी काढलं हे तपासणं. आणि आठ दिवसांनी कळतं की आपली दिशाच चुकली होती! मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे असलं कष्टाचं, वेळखाऊ काम कादंबरीत आणलं तर कोणी वाचेल का?

एका माणसाने ते आणलं आणि लोकांनी ते आवडीने वाचलं. त्यांचं नाव फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स. 1920 ते 1940 या काळात इंग्रजी रहस्यकथेच्या वाचकांना अगाथा ख्रिस्तींच्या बरोबरीने हे नाव माहीत होतं. आज आपण त्यांचं जीवन पाहणार आहोत आणि त्यासोबत त्यांच्या कादंबऱ्यांचे गुण-दोषही तपासणार आहोत. पुस्तकाचे गुण-दोष लिहा असा प्रश्न आला की आपल्यापैकी बरेचजण पुस्तक खूप छान आहे, सर्वांनी जरूर वाचावे, एवढंच लिहून मोकळे होतात. तसं का करू नये, तेही या निमित्ताने समजून घेऊ.

जन्म आणि बालपण

क्रॉफ्ट्स यांचा जन्म जून 1879 मध्ये आयर्लंडमधील डब्लिन शहरात झाला. त्या वेळी संपूर्ण आयर्लंड ब्रिटिश राज्याचा भाग होता. त्यांचे वडील लष्करात डॉक्टर होते. मुलगा जन्माला येण्याआधीच होंडुरास येथे तापाने त्यांचा मृत्यू झाला. वडिलांचं नावही फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्सच होतं. म्हणजे बघा, ज्या वडिलांचा चेहरा कधी पाहिला नाही, त्यांचं नाव मात्र या मुलाने आयुष्यभर चालवलं.

पुढे आईने जोनाथन हार्डिंग नावाच्या एका धर्मोपदेशकाशी पुनर्विवाह केला. ते गिलफर्ड या गावच्या चर्चमध्ये होते. त्यामुळे क्रॉफ्ट्स यांचं बालपण तिथल्या चर्चच्या शिस्तशीर घरात गेलं. त्यांचं शिक्षण बेलफास्टमध्ये मेथडिस्ट कॉलेज आणि कॅम्पबेल कॉलेज या शाळांत झालं. चर्चचे संस्कार त्यांच्यात शेवटपर्यंत राहिले. मोठेपणी ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि गाणाऱ्यांचा वृंदही सांभाळत. 1949 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्मातील चार शुभवर्तमानं एकत्र गुंफून एकच सलग कथा सांगणारं पुस्तकही लिहिलं.

रेल्वेतली नोकरी

त्यांचे मामा बर्कली डीन वाइज हे बेलफास्ट अँड नॉर्दर्न काउंटीज रेल्वेचे मुख्य इंजिनिअर होते. 1896 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, क्रॉफ्ट्स मामांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. आजच्या भाषेत अप्रेंटिस म्हणा ना! 1899 मध्ये डोनेगल रेल्वेच्या नव्या मार्गाच्या बांधकामावर त्यांना कनिष्ठ सहायक इंजिनिअर म्हणून काम मिळालं. पुढच्याच वर्षी, 1900 मध्ये, ते कोलरेन येथे डिस्ट्रिक्ट इंजिनिअर झाले. वय अवघं एकवीस.

रेल्वेचं हे काम कसं असतं ते जरा डोळ्यांसमोर आणा. रूळ, पूल, भराव, सिग्नल, सगळ्याची पाहणी करायची. माप चुकलं तर पूल चुकतो. पूल चुकला तर गाडी जाते आणि गाडीबरोबर माणसंही. तिथे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. माप घेतलं की ते पुन्हा तपासायचं. ही सवय त्यांच्या हाडीमांसी मुरली आणि पुढे तीच त्यांच्या कादंबरीत उतरली. त्यांच्या लेखनाचे जेवढे गुण आहेत ते या सवयीतून आले. आणि गंमत अशी की, जेवढे दोष आहेत तेही बहुतेक याच सवयीतून आले! हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याचा उपयोग होणार आहे.

1912 मध्ये कोलरेनमधल्या एका बँक मॅनेजरच्या मुलीशी, मेरी बेलास कॅनिंग यांच्याशी, त्यांचा विवाह झाला. त्यांना मूलबाळ नव्हतं.

आजारपण, पेन्सिल आणि वही

1919 साली क्रॉफ्ट्स चाळीस वर्षांचे होते आणि त्यांना मोठं आजारपण आलं. अंथरुणातून उठता येईना, ऑफिसला जाता येईना. रोज उन्हातान्हात रूळ तपासत फिरणारा माणूस घरात अडकून पडला. वेळ जाता जाईना. तेव्हा त्यांनी एक पेन्सिल आणि साधी वही मागवली आणि नुसता वेळ घालवायला म्हणून गोष्ट लिहायला घेतली.

लेखक व्हायचं असं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. बरे झाल्यावर ते पुन्हा कामावर रुजू झाले. पण लिहिलेल्या पानांवर त्यांनी परत काम केलं आणि 1920 मध्ये लंडनच्या कॉलिन्स या प्रकाशन संस्थेने ती कादंबरी प्रसिद्ध केली. तिचं नाव 'द कास्क', म्हणजे 'पिंप'. त्याच वर्षी अगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरीही प्रसिद्ध झाली. एकाच वर्षी दोन नवे लेखक आले. एकाचा भर माणसांच्या मनातल्या लपवाछपवीवर, तर दुसऱ्याचा जहाजं, गाड्या आणि पावत्यांवर.

'द कास्क' : गोष्ट थोडक्यात

लंडनच्या सेंट कॅथरिन गोदीत फ्रान्सहून आलेलं एक जहाज लागतं. त्यावरून दारूची पिंपं उतरवली जात असतात. कंपनीचा एक तरुण कारकून मोजदाद करायला उभा असतो. उतरवताना काही पिंपं निसटून खाली आदळतात. त्यातलं एक पिंप वेगळंच दिसतं, जास्त मजबूत, वेगळ्या घडणीचं. त्याच्या फटीतून लाकडाचा भुसा बाहेर येतो आणि भुशाबरोबर सोन्याची नाणी! कारकून आत हात घालून बघतो, तर आत एका स्त्रीचा हात.

पोलीस येईपर्यंत ते पिंप गायब होतं. मग स्कॉटलंड यार्डचे इन्स्पेक्टर बर्नली तपास सुरू करतात. पिंप ज्याच्या नावाने आलं तो लंडनमध्ये राहणारा फेलिक्स नावाचा फ्रेंच माणूस. बर्नली पॅरिसला जातात आणि तिथले पोलीस अधिकारी लफार्ज यांच्यासोबत एकेक दुवा जोडत जातात. पिंप कोणी बनवलं? कोणत्या दुकानातून गेलं? कोणत्या स्टेशनवर चढवलं? गाडीवानाने ते कुठे पोहोचवलं? पिंपाचा प्रवास एकदाच झालेला नसतो. लंडन-पॅरिस असा त्याचा येण्याजाण्याचा गुंताच असतो. पोलीस कुठेही आळस करत नाहीत, कुठेही लबाडी करत नाहीत. सगळे पुरावे एका माणसाकडे बोट दाखवतात. ते फेलिक्सला अटक करतात.

इथे आपल्याला वाटतं, झालं, कादंबरी संपली. पण नाही! पुस्तकाचा एक मोठा भाग अजून बाकी आहे. फेलिक्सचा वकील ला तूश नावाच्या खाजगी डिटेक्टिव्हला नेमतो. ला तूश काय करतो? तोच रस्ता पुन्हा चालतो. त्याच माणसांना पुन्हा भेटतो. पोलिसांनी जे एकदा तपासलं ते तो दुसऱ्यांदा तपासतो. कारण त्या काळी इंग्लंडमध्ये खुनाला फाशीची शिक्षा होती. माप चुकलं तर इथेही माणूसच जाणार होता.

खुनी कोण ते मी सांगणार नाही. कधी पुस्तक हाती लागलं तर तुम्हीच शोधा.

या कादंबरीचे गुण

आता आपण गुण पाहू. नुसतं छान म्हणायचं नाही, काय छान ते सांगायचं.

पहिला गुण म्हणजे खरेपणा. गोदीत माल कसा उतरतो, पावती कोण फाडतो, मालगाडीने किती वेळ लागतो, हे सगळं लेखकाला माहीत आहे. त्यामुळे वाचताना जागा डोळ्यांसमोर उभी राहते.

दुसरा गुण म्हणजे वाचकाशी प्रामाणिकपणा. पोलिसांना जे कळतं ते आपल्यालाही त्याच क्षणी कळतं. लेखक हातचं राखून ठेवत नाही. पुढे 1933 मध्ये आलेल्या 'द हॉग्स बॅक मिस्ट्री' या कादंबरीत तर त्यांनी कमालच केली. शेवटी तपास अधिकारी उलगडा सांगतो तेव्हा एकूण 64 धागेदोरे मोजून दाखवतो आणि प्रत्येक धागा कोणत्या पानावर येऊन गेला ते पान क्रमांकासह देतो. म्हणजे वाचकाने उलटून बघावं की आपण फसवलं नाही! गणिताच्या पेपरात उत्तराबरोबर पायऱ्या दाखवतात ना, अगदी तसं.

तिसरा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. तपास चुकू शकतो हे या कादंबरीने स्पष्ट दाखवलं. आळशी किंवा लाचखाऊ पोलीस चुकला तर त्यात नवल नाही. पण इथे मेहनती आणि सरळमार्गी पोलीसही चुकीच्या माणसाला पकडतात. कारण समोर आलेले पुरावे कोणीतरी मुद्दाम तसे रचलेले असतात. मग यावर उपाय काय? एकच, पुन्हा तपासा. हुशारीपेक्षा पुन्हा तपासण्याची तयारी जास्त मोलाची, हे क्रॉफ्ट्स यांनी कुठेही उपदेश न करता सांगितलं.

चौथा गुण म्हणजे त्यांचे नायक सामान्य आहेत. त्यांना भूक लागते, गाडी चुकते, दिवस फुकट जातो. आपल्यासारखीच माणसं. चिकाटी एवढंच काय ते त्यांचं भांडवल.

आणि दोष

आता दोष. लेखक कितीही मोठा असला तरी दोष सांगायला घाबरायचं नाही. मात्र दोष सांगताना पुराव्याशिवाय बोलायचं नाही.

पहिला दोष म्हणजे माणसं ठसत नाहीत. बर्नली आणि लफार्ज यांच्यात स्वभावाचा फरक काय असा प्रश्न परीक्षेत आला तर उत्तर लिहिणं कठीण जाईल. दोघेही सभ्य, दोघेही कष्टाळू. ज्या स्त्रीचा खून झाला तिच्याविषयीही आपल्याला फार थोडं कळतं. पिंपाचा इतिहास तिच्यापेक्षा जास्त तपशिलात सांगितला आहे! रुळाचं माप बारकाईने घेणाऱ्या लेखकाने माणसाच्या मनाचं माप घेतलं नाही.

दुसरा दोष म्हणजे पुनरावृत्ती. ला तूश तोच रस्ता पुन्हा चालतो म्हटल्यावर वाचकालाही तो पुन्हा चालावा लागतो. तीच दुकानं, तीच स्टेशनं. मधेच कंटाळा येतो हे खरं आहे. पण थांबा. आत्ताच आपण पुन्हा तपासण्याला गुण म्हटलं ना? मग तोच दोष कसा? हीच तर गंमत आहे. फेलिक्सच्या दृष्टीने जी पुनरावृत्ती जीव वाचवणारी आहे, तीच वाचकाच्या दृष्टीने जड आहे. एकाच नाण्याच्या दोन बाजू.

तिसरा दोष म्हणजे पुढे पुढे रहस्य ओळखू येऊ लागतं. क्रॉफ्ट्स यांचं खास शस्त्र म्हणजे अॅलिबी. गुन्हा घडला त्या वेळी मी तिथे नव्हतोच, दुसरीकडे होतो, असं सिद्ध करणारा पुरावा म्हणजे अॅलिबी. त्यांची चार-पाच पुस्तकं वाचली की वाचक शहाणा होतो. ज्याची अॅलिबी सगळ्यात भक्कम, तोच बहुधा गुन्हेगार! मग खुनी कोण हा प्रश्न मागे पडतो आणि त्याने हे जमवलं कसं, एवढाच प्रश्न उरतो. काही वाचकांना हा दुसरा प्रश्नच जास्त आवडतो, तर काहींचा विरस होतो.

चौथा दोष खास पोलीस कादंबरी म्हणून आहे. 'द कास्क'मध्ये शेवटचं सत्य पोलिसांना सापडत नाही, खाजगी डिटेक्टिव्हला सापडतं. म्हणजे पोलिसांची पद्धत दाखवायची आणि विजय मात्र बाहेरच्याला द्यायचा. हा दोष बहुधा लेखकालाही जाणवला असावा, कारण पुढे त्यांनी थेट पोलीस अधिकाऱ्यालाच नायक केलं.

इन्स्पेक्टर फ्रेंच

'द कास्क'नंतर दरवर्षी एक अशा तीन कादंबऱ्या आल्या. मग 1924 मध्ये 'इन्स्पेक्टर फ्रेंचेस ग्रेटेस्ट केस' ही कादंबरी आली. नायकाची ही पहिलीच कादंबरी आणि नावात मात्र त्याची सर्वांत मोठी केस! लंडनच्या हॅटन गार्डन या हिऱ्यांच्या बाजारात एका पेढीतल्या जुन्या कारकुनाचा खून होतो आणि तिजोरीतले हिरे नाहीसे होतात. तपासाला येतात स्कॉटलंड यार्डचे इन्स्पेक्टर जोसेफ फ्रेंच.

फ्रेंच कसे आहेत? मध्यमवयीन, नीटनेटके, गोड बोलणारे. त्यांच्या गुळचट बोलण्यावरून सहकाऱ्यांनी त्यांना सोपी जो असं टोपणनावही दिलेलं आहे. सोप म्हणजे साबण, तेव्हा साबणासारखा गुळगुळीत जो! घरी गेल्यावर अडलेली केस ते बायकोला सांगतात आणि त्या विणकाम करता करता एखादा असा साधा प्रश्न विचारतात की फ्रेंच यांना पुढची वाट दिसते. ते रेल्वेने गावोगाव फिरतात, स्टेशनमास्तरांना भेटतात, हॉटेलची रजिस्टरं बघतात. एक कल्पना मांडतात, ती फसते, दुसरी मांडतात. वाचकांना हे फ्रेंच इतके आवडले की पुढची तीस-बत्तीस वर्षं ते कादंबऱ्यांतून भेटत राहिले आणि नोकरीत बढती मिळवत सुपरिंटेंडेंटही झाले.

इथेही गुण-दोष दोन्ही आहेत. 1930 च्या 'सर जॉन मॅगिल्स लास्ट जर्नी' या कादंबरीत लंडनहून बेलफास्टला निघालेला एक वृद्ध उद्योजक बेपत्ता होतो. रेल्वे आणि बोटीचा हा प्रवास लेखकाच्या ओळखीच्या भागातला. त्यामुळे ती कादंबरी घट्ट विणलेल्या सतरंजीसारखी आहे. पण पोलीस खातं म्हणून जे असतं ते फ्रेंच यांच्या कादंबऱ्यांत फारसं दिसत नाही. हाताखालचे लोक येतात आणि जातात, पण काम एकटे फ्रेंचच करतात. ठाण्यातले हेवेदावे, वरिष्ठांचा दबाव, कमी पगार, मनावरचा ताण यांना तिथे फारशी जागा नाही. शिवाय फ्रेंच कधीकधी चक्क खोट्या चाव्यांनी दुसऱ्याच्या घराचं कुलूप उघडून परवानगीशिवाय झडती घेतात! लेखक त्यावर फारसा आक्षेप घेत नाही. फ्रेंच चांगले आहेत म्हणून सगळं चालून जातं. पण तुम्ही विचार करा, एखाद्या वाईट अधिकाऱ्याने हेच केलं तर?

1956 पासून अमेरिकेत एड मॅकबेन यांनी एका पोलीस ठाण्यातल्या सगळ्या माणसांना मिळून नायक केलं. तेव्हा कुठे ही उणीव भरून निघाली. क्रॉफ्ट्स यांनी पाया घातला, घर पुढच्यांनी बांधलं.

स्वतःचे दोष ओळखणारा लेखक

माणसं उभी करता येत नाहीत, हा आक्षेप क्रॉफ्ट्स यांच्यावर होत राहिला. त्यावर ते गप्प बसले का? नाही. 1934 मध्ये त्यांनी 'द 12.30 फ्रॉम क्रॉयडन' ही कादंबरी लिहिली. सुरुवातीला एक लहान मुलगी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसते. तिचा आनंद, तिची भीती, खिडकीतून दिसणारं सगळं लेखकाने सुरेख टिपलं आहे. विमान उतरतं तेव्हा कळतं की सोबत बसलेले आजोबा गेले आहेत.

आणि मग लेखक चक्क सांगून टाकतो की खून कोणी केला! पुढची सारी गोष्ट त्या खुन्याच्या नजरेतून येते. तो त्या आजोबांचा पुतण्या-भाचा लागणारा एक कारखानदार आहे. मंदीमुळे कारखाना बुडायला आलेला. कामगारांना पगार द्यायला पैसे नाहीत, बँक कर्ज देत नाही. श्रीमंत नातेवाईक मदत करत नाही. तो आधी मनात म्हणतो, नुसता विचार करायला काय हरकत आहे. मग एक पाऊल, मग दुसरं. वाचताना आपल्याला भीती वाटते ती खुन्याची नाही, तर साधा माणूस इतक्या सहज घसरत जातो याची. उलट्या क्रमाने सांगितलेली रहस्यकथा ऑस्टिन फ्रीमन यांनी आधीच लिहिली होती. पण क्रॉफ्ट्स यांनी ती स्वतःची उणीव भरून काढण्यासाठी वापरली. पंचावन्नाव्या वर्षी, नाव झालेलं असताना, पुन्हा शिकायला बसणं सोपं नसतं मुलांनो!

उत्तरायुष्य

जवळजवळ दहा वर्षं क्रॉफ्ट्स नोकरी सांभाळून लिहीत होते. 1929 मध्ये त्यांनी रेल्वेचा राजीनामा दिला आणि पत्नीसह इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड शहराजवळ ब्लॅकहीथ या गावी राहायला गेले. नोकरी सोडली तरी इंजिनिअर म्हणून त्यांचा मान राहिला. उत्तर आयर्लंडच्या सरकारने बॅन नदी आणि लॉक नेय सरोवर यांच्या पाण्याच्या निचऱ्याच्या प्रश्नावर चौकशीसाठी त्यांना नेमलं होतं. म्हणजे कागदावर तपास रंगवणाऱ्या या लेखकाने खऱ्या आयुष्यातही एक चौकशी चालवली. फक्त तिथे प्रेत नव्हतं, पुराचं पाणी होतं!

1930 मध्ये लंडनमध्ये रहस्यकथा लेखकांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स यांच्यासोबत क्रॉफ्ट्सही त्यात सुरुवातीपासून होते. वाचकाला फसवायचं नाही, धागेदोरे लपवायचे नाहीत, असा या क्लबचा दंडक होता. क्रॉफ्ट्स यांना तो वेगळा शिकवावा लागला नसेल. क्लबच्या लेखकांनी एकेक प्रकरण लिहून 1931 मध्ये जी सामाईक कादंबरी प्रसिद्ध केली, त्यातही त्यांचं प्रकरण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी बीबीसी रेडिओसाठी छोट्या रहस्यनाटिका लिहिल्या. 1947 मध्ये मुलांसाठी एक डिटेक्टिव्ह कथाही लिहिली.

एकूण तीसहून अधिक कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. 11 एप्रिल 1957 रोजी इंग्लंडमधील वर्दिंग येथे त्यांचं निधन झालं. त्यांची शेवटची कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

मृत्यूनंतर त्यांची पुस्तकं हळूहळू मागे पडली. 1972 मध्ये समीक्षक ज्युलियन सिमन्स यांनी रहस्यकथेचा इतिहास लिहिला. त्यात त्यांनी क्रॉफ्ट्स यांना हमड्रम, म्हणजे संथ आणि नीरस, लेखकांच्या गटात टाकलं. हा शिक्का बरीच वर्षं टिकला. पण अलीकडे ब्रिटिश लायब्ररीने जुन्या रहस्यकथांच्या मालिकेत त्यांच्या काही कादंबऱ्या पुन्हा छापल्या आणि नव्या वाचकांनी त्या उचलल्या. म्हणजे त्यांच्या बाबतीतही कोणीतरी पुन्हा तपास केला म्हणायचा!

आपण काय शिकायचं?

सुरुवातीला एक वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं होतं, आठवतं? क्रॉफ्ट्स यांचे गुण आणि दोष एकाच सवयीतून आले. प्रत्येक गोष्ट मोजून, तपासून घ्यायची, ही ती सवय. जिथे मोजता येतं तिथे ते अजोड आहेत. वेळ, अंतर, माल, पावती, पुरावा. जिथे मोजता येत नाही तिथे ते अडखळतात. प्रेम, मत्सर, एकटेपणा. हे एकदा समजलं की त्यांच्या पुस्तकाचं परीक्षण करणं सोपं जातं. गुणांची एक यादी आणि दोषांची दुसरी, अशा दोन वेगळ्या याद्या नुसत्या करू नका. दोन्ही कुठे जोडल्या आहेत ते शोधा. खरं परीक्षण तिथे सुरू होतं.

आणि पुस्तकापलीकडची एक गोष्ट. वर्गात कोणाची पेन हरवते. आपण लगेच एकाकडे बघतो, कारण मागच्या वेळी त्याच्याकडेच सापडली होती. सगळे पुरावे त्याच्याचकडे बोट दाखवतात. अशा वेळी गोदीतलं ते पिंप आठवा. चांगल्या, मेहनती पोलिसांनी पुराव्यावर बोट ठेवून निरपराध माणसाला पकडलं होतं. तो वाचला, कारण कोणीतरी तोच कंटाळवाणा रस्ता दुसऱ्यांदा चालायला तयार झाला. कोणावर आरोप करण्यापूर्वी तो रस्ता आपणही एकदा परत चालून बघावा.

तुमच्यासाठी उपक्रम : तुम्ही वाचलेली कोणतीही एक रहस्यकथा घ्या. तिचे तीन गुण आणि तीन दोष लिहा. प्रत्येकापुढे पुस्तकातला एक प्रसंग पुरावा म्हणून लिहा. मग बघा, कोणता गुण आणि कोणता दोष एकमेकांचे भाऊ निघतात ते!